बेवारस हत्यार

१

लक्ष्मणच्या डाव्या घोट्याभोवती जखमेचं कडं होतं. नुसता ओरखडा नव्हे. घोट्याला पूर्ण वेढा घालणारी, एकदा वाळून पुन्हा ओली झालेली जखम. अकरा वर्षांचं ते पोर वसतिगृहाची भिंत ओलांडून परदेशीपुऱ्यात आपल्या मावशीकडे पळून आलं होतं, आणि मावशीने, म्हणजे कमलने, त्याला पाठुंगळीला घेऊन थेट माझी कचेरी गाठली होती.

मी शालिनी फणसळकर, शिक्षण खात्यात इन्स्पेक्ट्रेस. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळा आणि वसतिगृहं तपासणं हे माझं काम. मध्यप्रदेश होऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात आमचं खातं एकच गोष्ट पक्की शिकलं होतं. काहीही विचारलं की "भोपाळला लिहा" म्हणायचं. माझ्या साहेबांनी खुर्चीतून न उठता लक्ष्मणच्या पायाकडे पाहिलं आणि सांगितलं, सणासुदीच्या तोंडावर कशाला, दिवाळीनंतर बघू.

दिवाळीनंतर बघण्यासारखं काही उरणार नव्हतं. लक्ष्मणला आईवडील नव्हते. बापाने मरताना त्याला वसतिगृहाच्या स्वाधीन केलं होतं, म्हणून कायद्याने त्याचं पालक ते वसतिगृह. आमचा मुलगा आम्हाला परत मिळावा, असा अर्ज त्यांनी कोर्टात टाकलाही होता. दसऱ्याची सुट्टी संपली की दुसऱ्याच दिवशी सुनावणी. तोवर मी काही ठोस पुढे ठेवलं नाही, तर हे पोर पुन्हा त्याच भिंतीच्या आत जाणार होतं.

हे कशाने झालं, असं मी त्याला विचारलं. तो मावशीच्या पदराआड गेला. बऱ्याच वेळाने एकच शब्द बोलला.

"लोढणं."

लोढणं म्हणजे पळकुट्या ढोराच्या गळ्यात अडकवतात तो लाकडाचा ओंडका. ढोर धावायला लागलं की तो पायांत येतो. इथे तो पोराच्या पायात होता; आंघोळीपुरता काढला तेवढ्यात ते पळालं होतं, हे नंतर कळलं. कुणी बांधला, हे मात्र लक्ष्मण सांगेना. कमलने चुचकारलं, मी लिमलेटची गोळी दिली, तरी नाही. सांगितलं तर परत गेल्यावर काय होईल, एवढंच तो पुटपुटला. परत जायचंच आहे, हे त्याने धरून ठेवलं होतं. मला सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

२

हे वसतिगृह होळकरशाहीतलं. लढाईत कामी आलेल्या शिपायांची पोरं उघड्यावर पडू नयेत म्हणून काढलेलं. आता तिथे गोरगरीब मराठी घरांतली मुलं राहत. गावात संस्थेचं नाव मोठं होतं, आणि मोठ्या नावाच्या संस्थेत शिरताना तपासनिसाला आधी चहा, मग पोहे आणि मग इतिहास घ्यावा लागतो. मी तिन्ही नाकारलं. तेवढ्यानेच माझ्याविषयीचं मत बिघडलं.

अधीक्षक मालोजीराव पाठीत बांबू घातल्यासारखे ताठ उभे राहिले. मुलगा सायकल शिकत होता, पाय चेनमध्ये गेला, म्हणाले. मुलगा तर लोढणं म्हणतो, आणि चेनने घोट्याला पूर्ण कडं कसं पडेल, असं मी विचारलं, तर त्यांनी विषय पूर्वजांवर नेला. "आमचे पणजोबा सरकारांच्या पदरी रिसालदार होते, शालिनीजी. घराण्याची तलवार थोरल्या भावाकडे असते देपालपूरला. दसऱ्याला सोनं द्यायला जातो तेव्हा तेवढं दर्शन होतं. माझ्याकडे तर नुसतं नावच बाकी आहे. अशा घरचा माणूस पोरावर जुलूम करेल? आणि इथे गाय नाही, भैंस नाही, लोढणं येणार कुठून?"

चिटणीस श्रीपाद म्हणाले, मी फक्त कागदपत्रं बघतो, मुलं अधीक्षकांकडे. गंगूबाई स्वयंपाकीण म्हणाली, मी चुलीपुढे असते, मुलांचं पहारेकऱ्याला विचारा. पहारेकरी उदयसिंह म्हणाला, "अपन तो गेट पे रेते हैं, बाईजी. अंदर क्या चल रिया है, अंदर वाले जानें." प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे. मुलांना विचारावं तर ती माझ्याकडे न बघता माझ्या मागे उभ्या असलेल्या मालोजीरावांकडे बघत. मी कोठार पाहिलं, लाकडाची खोली, माळा, देवघरसुद्धा. ओंडका तर नाहीच, साखळीचा एक दुवा मिळाला नाही. अधीक्षकांचं बिऱ्हाड आवारातच होतं, पण तिथे शिरायचा मला हक्क नव्हता.

शेवटी अध्यक्ष कृष्णराव भेटले. जुन्या दरबारात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज मऊ, कपाळावर अष्टगंधाची पिवळी उभी रेघ. आमच्या घरात कुंकू चालत नाही, गुरूंची आज्ञा आहे, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी फक्त सणावारी येतो, आतलं मला काय कळणार, हेही सांगितलं. मग म्हणाले, उद्या खंडेनवमी, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते, तुम्ही अवश्य या, म्हणजे संस्था कशी आहे ते तुम्हाला दिसेल.

मी चरफडत फाटकाबाहेर पडले तर एक माणूस माझी वाट बघत उभा होता. तिशीचा, खाकी कपड्यांवर तेलाचे डाग. पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर खरादी आहे, नाव गजानन, असं त्याने सांगितलं. कमलच्या गल्लीतच राहायचा. पुढे काही न बोलता त्याने पँटचा डावा पाय वर केला. घोट्याभोवती पांढरं पडलेलं जुनं कडं होतं.

"मालोजीरावांनी?" मी विचारलं.

"नाही ना, ताई. हीच तर मुसीबत आहे. मी होतो तेव्हा दुसरे साहेब होते. ते केव्हाच वारले. मालोजीराव तेव्हा इथे आलेसुद्धा नव्हते."

३

म्हणजे बांधणारा बदलला होता आणि लोढणं तेच राहिलं होतं. याचा अर्थ लावत मी दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहात गेले, बोलावलं होतं त्याच्या बरीच आधी.

खंडेनवमीला ज्याने त्याने आपल्या कामाचं हत्यार पुजायचं, ही आपली रीत. शिपायाची तलवार, कारकुनाची लेखणी, सुताराचा रंधा. घरात पडून राहिलेली वस्तू नव्हे, तर ज्याच्यावर आपलं चालतं ती. आणि एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझ्या माहेरी त्या दिवशी विळीला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी चिरलेली भाजी खावी लागे.

दिवाणखान्यात पाटांची रांग मांडली होती. गंगूबाईची विळी आणि झारा. उदयसिंहची लाठी. श्रीपादांचा टाइपरायटर, त्यावर झेंडूचं फूल. प्रत्येकावर ज्याने त्याने स्वतः लावलेलं कुंकू. पलीकडे वेगळ्या चौरंगावर शाळेची जुनी घंटा आणि फाटकाचं मोठं कुलूप. त्यांच्यावर मात्र पिवळं अष्टगंध होतं. या संस्थेच्या मालकीच्या वस्तू, गंगूबाई म्हणाली, यांची पूजा अध्यक्षसाहेब आपल्या हाताने करतात, आज भल्या सकाळी येऊन गेले, आरतीला परत येतील.

चौरंगाच्या शेजारी जमिनीवर आणखी एक पाट होता. त्यावर काहीतरी ठेवलेलं, लाल पंच्याने पूर्ण झाकलेलं, वर झेंडूचा ढीग. एवढ्या रांगेत तेवढंच झाकलेलं होतं.

तेवढ्यात मालोजीराव आत आले आणि मला पाहून जागीच थांबले. अध्यक्षांनी मला बोलावलंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते काय आहे, मी विचारलं. देवीचा तांदळा, पूजेचा दगड, म्हणाले. श्रीपादांना वेगळं विचारलं तर ते म्हणाले, जुना पाटा-वरवंटा आहे. मी पंच्याकडे हात नेला.

"उत्तरपूजा व्हायचीय," मालोजीराव म्हणाले. मागे गंगूबाईने तर कानांवर हात ठेवले.

आणि माझा हात थांबला. मला आजही स्वतःवर चीड येते. सरकारी अधिकारी, तपासणी हेच माझं काम, समोर पुरावा, आणि मी अडकले कशात तर आईने लावलेल्या वळणात.

४

संध्याकाळी कमलच्या खोलीत गजानन माझ्यावर उखडला. लक्ष्मण कोपऱ्यात बसून भाकरी खात होता आणि आमच्यातला प्रत्येक शब्द ऐकत होता.

गजाननचं म्हणणं, मी दीवार फांदून आत जातो आणि ते उचलून आणतो, नाहीतर सकाळपर्यंत ते लोक गायब करतील. कमलचंही तेच. तुम्ही मोठ्या लोकांनी फक्त पूजा बघत बसा, ती म्हणाली, परवा पोर माझ्या हातून जाईल. तिचं चुकत नव्हतं.

मी म्हटलं, चोरून आणलं तर कोर्टात म्हणतील की तुम्हीच बनवलंत. ते त्यांच्याच पाटावर, त्यांच्याच हातून उघडं व्हायला हवं.

"आणि रात्रीत हटवलं तर?"

"नाही हटवणार. ते खोटं बोलतील, पोराला खोटारडा ठरवतील, सायकलची कहाणी रचतील. पण मांडलेली पूजा मोडणार नाहीत. तेवढी त्यांची देवभीती पक्की आहे."

गजाननने मान डोलावली. "खरंय तुमचं. आमच्या टाइमलासुद्धा नवमीला सकाळी ते सोडायचे. लोढणं पूजेत असायचं ना. म्हणून ज्याच्या पायात असेल तो दसऱ्यापर्यंत छुट्टा. सगळी पोरं दसऱ्याची वाट बघायची, आणि लोकांना वाटायचं, सोन्यासाठी बघतात."

कोपऱ्यात लक्ष्मणने भाकरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा गजाननकडे नीट पाहिलं.

५

दसऱ्याच्या सकाळी मी गजाननला बरोबर घेऊनच गेले. दिवाणखान्यात सगळे होते. अध्यक्ष कृष्णराव, कमिटीची पांढऱ्या टोप्यांची रांग, श्रीपाद, गंगूबाई, दाराशी उदयसिंह. झाकलेला पाट जागच्या जागी होता. मी मनातल्या मनात त्यांच्या देवभीतीचे आभार मानले.

भटजींनी अक्षता टाकल्या, उत्तरपूजा झाली. मी म्हटलं, आता ज्याने त्याने आपलं हत्यार उचलावं, मला बघायचंय. कृष्णरावांना ही कल्पना फारच आवडली. गंगूबाईने विळी आणि झारा घेतला. उदयसिंहने लाठी. श्रीपादांनी टाइपरायटर छातीशी धरला. घंटा आणि कुलूप कमिटीतल्या दोघांनी कपाटात ठेवलं. रांग रिकामी झाली. उरला तो एकच पाट, लाल पंच्याखाली.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

"मालोजीराव, तुमचं हत्यार कुठलं?"

ते म्हणाले, आमची तलवार, ती घरी पुजली.

"तलवार देपालपूरला असते. परवा तुम्हीच सांगितलंत. रिसालदाराच्या पणतवाने खंडेनवमी कोरडी जाऊ दिली, हे मी मानणार नाही. इथे सगळ्यांच्या हातात काही ना काही आहे, एक तुमचे हात सोडून. आणि एक वस्तू पाटावर आहे, तिला घेणारं कुणी नाही. त्यात अवघड काय आहे?"

मी पंचा उचलला. झेंडू घरंगळला. खाली बाभळीचा ओंडका होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. त्यात साखळी ठोकलेली, साखळीच्या टोकाला लोखंडी कडं. कडं लहान होतं. ढोराच्या गळ्यात ते कधीच बसलं नसतं.

कृष्णराव एक पाऊल मागे सरले. "मालोजीराव, हे काय आहे? संस्थेत असला प्रकार? मी आत्ताच्या आत्ता तुम्हाला..."

इतका वेळ ताठ उभा असलेला तो माणूस तेव्हा कुठे वाकला. "अध्यक्षसाहेब, मला एकट्याला पुढे करू नका. मी चार्ज घेतला तेव्हा चाव्यांबरोबर हे मिळालं. माझं नाही हे. संस्थेचं आहे."

ते खरं सांगत होते, आणि त्याची साक्ष ओंडक्यावरच होती. वर पिवळं गंध लावलेलं होतं. कालचं ओलसर, त्याखाली गेल्या सालचं वाळलेलं, त्याखाली आणखी जुनं, पापुद्र्यावर पापुद्रा. कुंकवाचा एक ठिपका नव्हता. मी नखाने थोडं खरवडून कृष्णरावांपुढे धरलं.

"या आवारात अष्टगंध लावणारे तुम्ही एकटे आहात. आणि तुम्ही ते फक्त संस्थेच्या वस्तूंना लावता. कालही लावलंत. म्हणून मला बोलावतानाही तुम्हाला भीती वाटली नाही. घंटा, कुलूप, लोढणं. तुम्हाला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं. झाकायची बुद्धी झाली ती मालोजीरावांना."

कृष्णराव म्हणाले, जुनी परंपरा आहे, अध्यक्ष पूजा करत आले, मीही केली, पण ते वापरात आहे याची मला कल्पना नव्हती.

"खंडेनवमीला बिनवापराचं हत्यार कोण पुजतं, कृष्णराव?"

पांढऱ्या टोप्यांची रांग जमिनीकडे बघू लागली. यांतल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं त्या ओंडक्यावर फुलं वाहिली होती. कुणी बांधलं, या प्रश्नामागे मी इतके दिवस उगाच धावले. बांधणारे येत गेले, जात गेले. ठेवणारी ही रांग होती.

मग कृष्णरावांनी जे केलं ते पाहून मला हसावं की ओरडावं कळेना. त्यांनी ताटातली आपट्याची पानं उचलली आणि गजाननपुढे केली. झालं गेलं विसरायचा आजचा दिवस आहे, म्हणाले.

गजाननने हात पुढे केला नाही. "उद्या कोर्टात या, साहेब. तिथे हेच सांगा, जे आत्ता इथे दिसलं. मग घेतो सोनं."

लोढणं मी खात्याच्या नावाने ताब्यात घेतलं. तसा मला अधिकार होता की नाही, हे भोपाळला विचारायला वेळ नव्हता.

६

कृष्णराव कोर्टात आले. वकील घेऊन आले. एका दिवसात माणसाला किती गोष्टी आठवेनाशा होऊ शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. ओंडका ऐतिहासिक आहे, म्हणे. कदाचित संस्थेच्या पूर्वीच्या गोठ्यातला असेल, गंध भक्तिभावाने लावलं, घोट्याची जखम सायकलचीच. गजाननला जुना राग आहे. कमलने पोराला पढवलंय. इन्स्पेक्ट्रेसबाईंनी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय सुट्टीच्या दिवशी तपास केला. हे शेवटचं तेवढं खरं होतं, आणि त्याचा खुलासा माझ्याकडून नंतर रीतसर मागवलाही गेला. कमिटीतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मालोजीराव आजारी पडून देपालपूरला गेले होते.

वकील चांगला होता. मॅजिस्ट्रेटसाहेब घड्याळाकडे बघू लागले. पालक म्हणून संस्थेचा हक्क कागदावर पक्का होता, आणि आमच्याकडे काय, तर एक लाकूड आणि त्यावरचं गंध. शेवटी ते म्हणाले, मुलाला एकदा पुढे बोलवा, मला त्याचा पाय बघू द्या.

लक्ष्मण मागच्या बाकावर कमलजवळ बसला होता. नाव पुकारताच तो उठला. पण पाऊल टाकण्याआधी तो खाली वाकला. डावा हात घोट्यापाशी नेला, जमिनीवरून काहीतरी वजनदार उचलावं तसं उचललं, कमरेशी टेकवलं आणि खांदा एका बाजूला झुकवून तो चालू लागला. डावा पाय अर्धवट ओढत. हातात काही नव्हतं. त्याला ते ठाऊकही नव्हतं. मोठ्या माणसांपुढे जायचं तर असंच उठायचं आणि असंच चालायचं, एवढं त्याच्या अंगाला माहीत होतं.

वकील वाक्याच्या मधेच थांबला आणि खाली बसला. साहेबांनी टेबलावरच्या लोढण्याकडे पाहिलं, मग पोराच्या मुठीकडे.

"किती दिवस असं चालवायचे तुला?" त्यांनी विचारलं.

लक्ष्मणला दिवस सांगता येईनात. उत्तर मागून आलं. "साहेब, मला निघाल्यावर किती सालं लागली हे सुटायला," गजानन उभा राहून म्हणाला. "बायको विचारायची, रात्री पाणी प्यायला उठता तेव्हा काय उचलता."

हुकूम तिथल्या तिथे झाला. मुलगा मावशीकडे. संस्थेचा अर्ज फेटाळला. मालोजीरावांवर खटला, आणि अध्यक्षासह सगळ्या कमिटीने आरोपी म्हणून हजर राहायचं. कृष्णराव उठून म्हणाले, आम्हाला कल्पना नव्हती. साहेब म्हणाले, ते तारखेला सांगा.

लक्ष्मण अजून तसाच उभा होता, कमरेशी मूठ आवळून. जायला सांगितलं तरी त्याला कळेना की हातातलं आता कुठे ठेवायचं. कमल पुढे आली, त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तोच हात धरून त्याला घरी घेऊन गेली.